'ह' कोणाच्या मालकीचा? – भरतीचा वेग, विकलन आणि क्लासची मांडणी

खाजनकार – शुक्रवार, रात्री १०:४०

मंडळी, प्रश्न प्रोग्रॅमिंगचा आहे, पण खाजनाशिवाय तो सांगता येणार नाही. थोडा धीर धरा.

चोडणला आमच्या काकांचं शेत खाजनात, म्हणजे नदीकाठच्या सखल जमिनीत आहे. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: मांडवीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध असतो आणि बांधात मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीचं पाणी बाहेरून रेटू लागलं की झडप आपोआप मिटते, सुकती (ओहोटी) लागली की आतलं पाणी तिला बाहेर ढकलतं. काकांचं मागणं एवढंच की पाणी नेमकं कधी वळतं ते घरबसल्या कळावं. मी मानशीच्या बाहेरच्या बाजूला खांबावर एक अल्ट्रासोनिक सेन्सर टांगला. दर ६ मिनिटांनी पाण्याच्या पातळीची एक नोंद. पातळी बदलण्याचा वेग शून्यावर आला की पाणी वळलं. म्हणजे विकलज काढायचा, आपला डेरिव्हेटिव्ह.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीने नीट बांधू म्हटलं. वर 'विकलक' नावाचा अमूर्त क्लास, म्हणजे नुसता साचा. त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनवताना चालणाऱ्या कोडमध्ये) ह, म्हणजे दोन नोंदींमधलं अंतर, तासांत. त्याची चार पोरं: पुढचा फरक, मागचा फरक, मधला फरक आणि पाच बिंदूंचा. प्रत्येकात एकच मेथड. यादी द्या, विकलज घ्या. फाईलच्या माथ्यावर ऑब्जेक्ट बनवला, ह = ०.१, आणि दोन महिने सगळं सुरळीत चाललं.

मग मला वाटलं, ६ मिनिटं फार लांब पडतात. नोंदी दर मिनिटाला घेऊ लागलो. माथ्यावरचा ०.१ तसाच राहिला.

भरती-सुकतीत १.१ मीटरचा फरक असेल त्या दिवशी पाणी जोरात असताना तासाला साधारण २८ सेंटिमीटर वेग दिसायचा. आता तो ५ च्याही खाली. एरर नाही, वॉर्निंग नाही. मी काकांना फोन केला की बाहेरचं पाणी हलत नाहीये, मानशीच्या तोंडाशी गाळ भरला असणार. काका रात्री साडेनऊला टॉर्च घेऊन गुडघाभर चिखलात उतरले. वर आल्यावर जे बोलले ते इथे देता येणार नाही, कोकणीत असलं तरी.

तर प्रश्न: ह ठेवायचा कुठे?

---

तिरफळ – शुक्रवार, रात्री १०:५८

काकांच्या पायातच. म्हणजे पुढच्या वेळी विसरणार नाहीस.

---

फोंडेकर – शुक्रवार, रात्री ११:१५

तुमची मांडणी बरोबर आहे, चूक फक्त वापरण्यात झाली. याला स्ट्रॅटेजी पॅटर्न म्हणतात आणि तो इथे चपखल बसतो. विकलनाच्या पद्धती अनेक, बोलावण्याची रीत एक. उद्या नवी पद्धत आली की नवा क्लास जोडा, जुन्या कोडला हात लावायचा नाही.

दुरुस्ती सोपी आहे. एक फॅक्टरी लिहा. ती नोंदींच्या वेळा वाचून ह काढेल आणि योग्य विकलक बनवून देईल. माथ्यावर आकडा लिहायची पाळीच येणार नाही. नॉर्वेत डाल आणि न्यूगोर यांनी सिम्युला ही भाषा रचली ती मुळात सिम्युलेशनसाठी. तुमचं भरतीचं काम तर ऑब्जेक्टच्या जन्मघरातलं आहे.

---

अर्धविराम – शुक्रवार, रात्री ११:४७

फोंडेकर, फॅक्टरीने आजचं दुखणं जाईल. पण ऑब्जेक्ट एकदा बनला की ह त्याच्या पोटात गेला. तोच ऑब्जेक्ट कोणी दुसऱ्या यादीला लावला तर परत तेच, आणि परत गुपचूप.

मी दोन प्रश्न विचारते.

एक. खाजनकार, तुमची चार पोरं एकमेकांपासून कशात वेगळी आहेत? कोड समोर ठेवून बघा. मधला फरक: पुढची नोंद वजा मागची, भागिले २ह. म्हणजे वजनं −१, ०, १ आणि भाजक २. पाच बिंदूंचा: १, −८, ०, ८, −१ आणि भाजक १२. पुढचा फरक: −१, १. चारही ठिकाणी काम एकच चाललंय, वजनांची पट्टी यादीवरून सरकवायची, गुणायचं, बेरीज करायची, ह ने भागायचं. वागणूक तीच, बदलतात ते आकडे. नुसत्या आकड्यांसाठी वेगळा क्लास कशाला? रंग वेगळा म्हणून लाल गाडीचा आणि निळ्या गाडीचा वेगळा क्लास आपण लिहितो का?

दोन. ह ही पद्धतीची गोष्ट आहे की नोंदींची? मधल्या फरकाला ह ठाऊक असायची गरजच नाही. ६ मिनिटं ही तुमच्या सेन्सरने ठरवलेली गोष्ट आहे. सेन्सर बदलला की ह बदलला, पद्धत तीच राहिली. मग ज्याच्यामुळे तो बदलतो त्याच्याच घरात त्याने राहावं.

म्हणून माझ्या मते क्लास दोनच. 'नमुने': सुरुवातीची वेळ, ह, मूल्यं आणि एकक. आणि 'पट्टी': स्थानं आणि वजनं. पट्टी नमुन्यांना लावली की नवे नमुने मिळतात, त्यांचं एकक सेंटिमीटर प्रति तास. ह बाहेरून कोणी द्यायचाच नाही.

---

तिरफळ – शनिवार, सकाळी ८:०५

म्हणजे ह हा मुंडकार, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा. भाट (जमीन) नमुन्यांचं, घर नमुन्यांच्या भाटात, आणि खाजनकाराने त्याचं रेशनकार्ड भलत्याच भाटकाराच्या (जमीनदाराच्या) पत्त्यावर काढलं.

अवांतर: पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला खरंच 'ह' नाव देता येतं. पण देवनागरीत ०.१ लिहाल तर तो रुसतो. 'इंट' फंक्शनला अवतरणात '१२' दिलं तर मात्र मुकाट वाचतो. कसलं हे लॉजिक!

---

माशेलचे नाना – शनिवार, सकाळी ९:३०

अर्धविराम म्हणते ते मला पटलं, आणि त्यात एक भर घालतो. पट्टी हा क्लास केलास तर त्याच्या कन्स्ट्रक्टरलाच परीक्षा घ्यायला लाव. मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं, परीक्षेशिवाय कोणाला आत घेत नाही.

पहिली परीक्षा: सगळ्या वजनांची बेरीज शून्य. पाणी स्थिर असेल तर वेग शून्यच यायला हवा ना? दुसरी: स्थान गुणिले वजन, यांची बेरीज १. सरळ रेषेचा चढ जेवढा तेवढाच मिळायला हवा. पाच बिंदूंची पट्टी घे. स्थानं −२, −१, ०, १, २. गुणाकार −२, ८, ०, ८, −२. बेरीज १२, भागिले १२, म्हणजे १. पास. कोणी −८ च्या जागी ८ टाईप केला तर ऑब्जेक्ट जन्मालाच येणार नाही.

पुढेही जा. स्थानाचा वर्ग, घन, चौथा घात, यांच्याशी वजनं गुणून बेरीज कुठवर शून्य राहते ते पट्टीने स्वतःच मोजावं. मधल्या फरकात घनाला अडखळतं, म्हणून त्याची चूक ह च्या वर्गाच्या पटीत: ह वर्ग भागिले ६, गुणिले तिसरा विकलज. पाच बिंदूंच्या पट्टीत पाचव्या घाताला अडखळतं, म्हणून चूक ह च्या चौथ्या घाताच्या पटीत, भागिले ३०. हे पुस्तकातून उतरवून क्लासमध्ये लिहायची गरज नाही, वजनांतूनच निघतं. मुलांना टेलरची श्रेणी शिकवताना हे दाखवलं की त्यांचे डोळे उघडतात. निदान दोघातिघांचे.

आता खाजनकार, तुझ्या दुसऱ्या चुकीबद्दल कोणीच बोललेलं नाही. मिनिटाला नोंद घ्यायची बुद्धी तुला कोणी दिली? दुपारी लिहितो, आता बाजारात जायचंय.

---

खाजनकार – शनिवार, सकाळी ९:५२

नाना, आता दुपारपर्यंत कामात लक्ष लागणार नाही! जास्त नोंदी म्हणजे जास्त माहिती, असं मला वाटलं होतं.

---

दर्यासारंग – शनिवार, सकाळी ११:२०

नाना येईपर्यंत हत्यारांबद्दल लिहितो. किनाऱ्यावरची मोजमापं हा माझा बरीच वर्षं पोटापाण्याचा धंदा होता.

एका नोंदीसाठी सेन्सर किती वेळा वाचता? एकदाच वाचत असाल तर मांडवीत येणारजाणाऱ्या प्रत्येक होडीची लाट तुमच्या नोंदीत आहे. चोडणची फेरीबोट समोरून गेली की संपलं. लाटा काही सेकंदांच्या आणि नोंद ६ मिनिटांची. अशा वेळी लाट नाहीशी होत नाही, खोटी संथ लाट बनून भरतीच्या आलेखात बसते. ती नंतर कुठल्याही पट्टीने निघत नाही. उपाय नोंद घेतानाच करायचा: मिनिटभर दर सेकंदाला वाचा आणि त्यातलं मधलं मूल्य लिहून ठेवा.

दुसरं, तापमान. आवाजाचा वेग दर अंश सेल्सिअसला साधारण ०.६ मीटर प्रति सेकंदाने वाढतो. पहाटे २४ आणि दुपारी ३३ अंश असेल तर फरक दीड टक्क्याच्या आसपास. सेन्सरपासून पाणी २ मीटर खाली असेल तर तीनेक सेंटिमीटर चूक होते. विकलजात ती फार दिसणार नाही कारण हळूहळू बदलते. सेन्सर खांबावर ठराविक उंचीने चुकीचा बसलाय ही चूक तर विकलजात पूर्ण नाहीशी होते. पण पट्टीच बारा इंचाऐवजी अकराची असेल तर वेगही त्याच प्रमाणात चुकेल.

तिसरं, तुमच्या नोंदी खरंच समान अंतराच्या आहेत का? सेन्सर चालवणाऱ्या बोर्डावर 'नोंद घ्या, मग ६ मिनिटं थांबा' असं लिहिलं असेल तर अंतर होतं ६ मिनिटं अधिक नोंद घ्यायला लागलेला वेळ. दिवसाच्या २४० नोंदी. रोज थोडं थोडं सरकत जातं.

---

खाजनकार – शनिवार, सकाळी ११:४१

तसंच लिहिलंय. 🙈

---

फोंडेकर – शनिवार, दुपारी १२:१०

अर्धविराम, तुमचा मुद्दा मान्य, पण पूर्ण नाही. तुमची पट्टी ही सगळ्या पद्धतींची आई नाही. स्प्लाईन, म्हणजे तुकडे जोडून केलेला गुळगुळीत वक्र, घालून विकलज काढायचा असेल तर? तिथे एका ठिकाणचं उत्तर सगळ्या नोंदींवर अवलंबून असतं, समीकरणांचा संच सोडवावा लागतो. फूरियेने काढायचा असेल तर? सगळी यादी वारंवारतांमध्ये नेऊन, गुणून, परत आणायची. यातलं काहीच सरकत्या पट्टीत मावत नाही. तिथे वागणूकच वेगळी आहे, म्हणजे इंटरफेस (बोलावण्याची सामाईक रीत) लागणार, म्हणजे स्ट्रॅटेजी आली. लाल गाडी आणि निळी गाडी नव्हे, गाडी आणि फेरीबोट.

---

अर्धविराम – शनिवार, दुपारी १२:३४

फेरीबोट मान्य. 😀 इंटरफेस ठेवू या: 'नमुने घेतो, नमुने देतो'. पट्टी तो पाळणार, स्प्लाईन पाळणार, फूरिये पाळणार. पण चार पट्ट्यांचे चार क्लास नकोत. आणि इंटरफेसमध्ये ह नको. एवढंच माझं म्हणणं.

पायथनच्या तयार लायब्ररींतही हा खड्डा आहे, म्हणून खाजनकारांनी मनाला लावून घेऊ नये. नमपायच्या ग्रेडियंटला अंतर दिलं नाही तर ते १ धरतं. सायपायमध्ये सावित्स्की-गोलेचं फिल्टर विकलजासाठी वापरलं आणि डेल्टा (तेच अंतर) द्यायचा राहिला तर तेही १. आलेखाचा आकार अगदी बरोबर येतो, उभ्या अक्षावरचे आकडे तेवढे चुकतात. आकार बरोबर असला की माणूस आकड्यांकडे बघत नाही.

---

माशेलचे नाना – शनिवार, दुपारी ३:४५

बसा सगळे.

समज, तुझ्या प्रत्येक नोंदीत १ सेंटिमीटरचा कंप आहे, म्हणजे प्रमाण विचलन १. मधल्या फरकात दोन नोंदींची वजाबाकी, त्यामुळे कंप वर्गमूळ २ पट, आणि मग २ह ने भागाकार. म्हणजे वेगातला कंप १ भागिले (१.४१४ गुणिले ह). ६ मिनिटांच्या नोंदी, ह = ०.१ तास: तासाला ७ सेंटिमीटर. तुझा सर्वांत जास्त वेग २८. जेमतेम चालेल. आता मिनिटाच्या नोंदी, ह = एक साठांश तास: कंप तासाला ४२ सेंटिमीटर! पाणी धावतंय २८ ने आणि तुझा सेन्सर थरथरतोय ४२ ने. नोंदी दाट केल्यास आणि विकलज मातीत घातलास.

आणि गंमत बघ, तुझ्या चुकीच्या ह मुळे हे ४२ परत ७ दिसले, कारण सगळंच सहापट लहान झालं. कंप आधी दिसत होता तेवढाच, भरती तेवढी बसली. म्हणून तुला आलेख 'नेहमीसारखा' वाटला आणि पाणी मेल्यासारखं.

आता उलट बाजू. ह मोठा घेतला तर? १ तास घे. कंप ०.७ वर येतो. पण भरतीची लाट वाकडी आहे, मुख्य चांद्र भरतीचा आवर्तकाळ १२.४२ तास, आणि दोन तासांच्या (२ह) सरळ दांडीने ती वाकण दिसत नाही. वेग जिथे जास्त तिथे सव्वा सेंटिमीटरच्या आसपास कमी येतो. म्हणजे ह लहान केला तर कंप मारतो, मोठा केला तर वाकण मारतं. ६ मिनिटांवर वाकणाची चूक किती? तासाला ०.०१ सेंटिमीटर. नगण्य. म्हणजे तुझ्या कामात वाकण हा शत्रूच नाही, शत्रू फक्त कंप.

म्हणून पाच बिंदूंची पट्टी 'जास्त अचूक' म्हणून लावलीस तर आणखी फसशील. तिने वाकणाची चूक मारली, जी मुळात नव्हतीच. कंपाचं काय? वजनांच्या वर्गांची बेरीज १ + ६४ + ६४ + १ = १३०, वर्गमूळ ११.४, भागिले १२, म्हणजे ०.९५. साध्या मधल्या फरकाचा आकडा ०.७१. महागडी पट्टी जास्त थरथरते. याच्याजागी −२, −१, ०, १, २ भागिले १० घे. बिंदू तेवढेच पाच. कंप ०.३२. हीच सावित्स्की आणि गोले यांची १९६४ ची युक्ती: बिंदूंमधून वक्र जायलाच हवा हा हट्ट सोडायचा, लघुतम वर्गांनी गुळगुळीत वक्र बसवायचा आणि त्याचा चढ घ्यायचा. दोघे रसायनशास्त्राच्या यंत्रांवर काम करणारे, म्हणून त्यांना कंप काय असतो ते माहीत होतं.

अर्धविराम, हा कंपाचा गुणकही पट्टीच्या क्लासची मेथड व्हायला हवा. वजनांतून निघतो, बाहेरून काही लागत नाही.

---

तिरफळ – शनिवार, दुपारी ४:०२

दंडवत, नाना. वाचनखूण साठवली. दुसरा विकलज काढायचा असेल तर काय होतं?

---

माशेलचे नाना – शनिवार, दुपारी ४:२०

१, −२, १, भागिले ह चा वर्ग. कंप वर्गमूळ ६, भागिले ०.०१, म्हणजे २४५. खरं मूल्य जास्तीत जास्त १४. आता चहा.

---

खाजनकार – रविवार, रात्री ९:१८

दोन दिवस बसलो. काय काय झालं ते सांगतो.

'नमुने' क्लास केला. बाहेरून तो वेळा आणि मूल्यं घेतो, ह स्वतः काढतो आणि दोन नोंदींमधलं अंतर कुठेही एक टक्क्याहून जास्त हललेलं असेल तर बनायलाच नकार देतो. एकदा बनला की आतलं काही बदलता येत नाही. जुन्या नोंदी त्याला दिल्या आणि पहिल्याच फटक्यात नकार. म्हटलं दर्यासारंगांचं सरकणं असणार. नाही! सरकणं सारखंच होतं, ६ मिनिटं २ सेकंद, त्यामुळे समान अंतराच्या परीक्षेत ते पास झालं. नकार होता एकाच ठिकाणी: बोर्डावरचा मिलिसेकंदांचा काटा ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो आणि तिथे वेळ उलटी गेली होती. आजवर माझ्या कोडला हे कधी कळलंच नव्हतं, कारण ते वेळा बघतच नव्हतं, नुसता ०.१ घेऊन पुढे जात होतं.

दुसरी गोष्ट, जी मला आवडली. पुढचा फरक लावला की उत्तर खरं तर दोन नोंदींच्या मधल्या क्षणाचं असतं. आधी मी ते पहिल्या नोंदीच्या वेळेवर चिकटवत होतो, म्हणजे सगळे वळणाचे क्षण ३ मिनिटांनी आधी. आता नमुन्यांना सुरुवातीची वेळ माहीत असल्यामुळे पट्टी उत्तर देताना सुरुवात अर्ध्या ह ने पुढे सरकवते आणि एक नोंद कमी देते. हे सांभाळायला वेगळा कोड लागलाच नाही.

टोकांसाठी मात्र अडलोय. ११ बिंदूंची सावित्स्की-गोले पट्टी लावली, ६ मिनिटांच्याच नोंदी. वेगातला कंप तासाला ०.९५ वर आला. वळणापाशी वेग तासागणिक १४ ने बदलतो, म्हणजे वळणाची वेळ ४ मिनिटं इकडे किंवा तिकडे. सुरेख! फक्त पट्टी दोन्ही बाजूंना ५ नोंदी मागते. आज संध्याकाळी ४:५२ ला पाणी वळलं, हे मला ५:२२ ला कळलं. काका पावणेपाचलाच मानशीपाशी उभे होते. पंचांग बघून. 'भरती रोज पाऊण तास उशिरा येते, त्याला यंत्र कशाला?' असं वर ऐकवलं.

---

दर्यासारंग – रविवार, रात्री ९:४०

काकांचा हिशेब ५ मिनिटांनी कमी पडतो, खरं तर रोज ५० मिनिटांच्या आसपास. पण दर तिथीला नव्याने जुळवत असतील तर चूक साचत नाही.

शिवाय काकांना नेमकं हवंय काय ते एकदा विचारा. बाहेरची पातळी वळली म्हणून झडप लगेच उघडत नाही, बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली जावं लागतं. तो क्षण वेगळा.

आणि वळणाची वेळ आधीच हवी असेल तर विकलन सोडा. दोन महिन्यांच्या नोंदी आहेत, त्यांना १२.४२, १२.००, २३.९३ आणि २५.८२ तासांच्या लाटा बसवा. बसवलेल्या लाटेचा विकलज कागदावर निघतो आणि उद्याचाही निघतो. फक्त पावसात नदीला लोंढा आला की अंदाज चुकेल.

---

फोंडेकर – रविवार, रात्री १०:०५

बघा, ही आली तिसरी फेरीबोट. इंटरफेस ठेवलात म्हणून बरं झालं.

टोकांबद्दल: ते पट्टीच्या पोटात घालू नका. टोकाशी काय करायचं हा स्वतंत्र निर्णय आहे. उत्तर देऊ नका, किंवा एकतर्फी पट्टी वापरा, किंवा शेवटच्या खिडकीतल्या वक्राचा चढ घ्या. वेगळा ऑब्जेक्ट करा आणि विकलकाला बाहेरून द्या. वारशाने नको, सोबतीने.

---

अर्धविराम – रविवार, रात्री १०:३१

फोंडेकरांशी सहमत. तारीख लिहून ठेवा.

फक्त खाजनकार, टोकाचा कंप आधी बघून घ्या. एकतर्फी तीन बिंदूंची पट्टी −३, ४, −१ भागिले २: वजनांच्या वर्गांची बेरीज २६, कंप २.५५. तुमच्या ह ला तासाला २५ सेंटिमीटर! आणि ताजी नोंद नेहमी टोकावरच असते. ११ बिंदूंवर बसवलेल्या द्विघाती वक्राचा शेवटच्या बिंदूवरचा चढ घेतलात तर ३.५. म्हणजे वळण पाव तास इकडे किंवा तिकडे, पण लगेच. तुमच्यापुढे निवड अशी आहे: ४ मिनिटांची खात्री अर्ध्या तासाने, की १५ मिनिटांची खात्री आत्ता. ही निवड क्लासच्या मांडणीने सुटणार नाही. काकांनाच विचारावं लागेल.

---

माशेलचे नाना – सोमवार, सकाळी ७:१५

विचार आणि कळव. आणि बोर्डावर 'थांबा' काढून घड्याळाच्या ठराविक मिनिटाला नोंद घे.

---

खाजनकार – बुधवार, रात्री ८:५०

काकांना विचारलं. दोन्ही नकोत म्हणाले, वळण मला कळतं. त्यांना हवंय ते निराळंच निघालं: मानस बंद असताना आतलं पाणी वाढतं का, ते. बांधाला कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) भोकं पाडली की खारं पाणी रात्रभर झिरपतं आणि ते कळतं शेत खारावल्यावर.

म्हणजे सेन्सर आत लावायचा आणि तासाला २ सेंटिमीटरएवढी संथ वाढ पकडायची. इथे उशीर चालतो, तास-दीड तासाने कळलं तरी सकाळपर्यंत वेळ आहे. ३१ बिंदूंची पट्टी करून तिच्या कंपाच्या मेथडला विचारलं: ०.२ सेंटिमीटर प्रति तास. कोडमध्ये फक्त एक ओळ बदलली, ११ च्या जागी ३१.

दुसरा सेन्सर शनिवारी लावतोय. खांबासाठी माडाचा ओंडका चालेल का, की खाऱ्या पाण्यात वर्षभरात कुजतो?

---

तिरफळ – बुधवार, रात्री ९:०४

माड नको. काकांना विचार, बांधाच्या कामाला ते कुठलं लाकूड वापरतात ते. आणि या वेळी टॉर्च तू धर.